'फास्ट' : एका शब्दाचीं चार बिऱ्हाडें

गेल्या आषाढी एकादशीस आमच्या वसईच्या घरीं सकाळींच एक शंका उपस्थित झाली. धाकटे चिरंजीव नेहमीप्रमाणें विरारची फास्ट गांठण्याकरितां घाईनें बाहेर पडले. देवघरापाशीं बसलेल्या आमच्या कुटुंबानें आज आपला उपास असल्याचें नातीस सांगितलें. नात दहा वर्षांची व इंग्रजी शाळेंत जाणारी. ती लागलीच म्हणाली, "म्हणजे आजी, तुझा आज फास्ट!" मग आमच्याकडे वळून तिनें विचारलें, "आजोबा, काका फास्टनें गेले, आजीचा फास्ट आहे, आणि माझ्या परकराचा रंग फास्ट आहे असें दुकानदार म्हणाला. मग फास्ट म्हणजे नक्की काय?"

आम्ही क्षणभर निरुत्तर झालों, कारण हा प्रश्न आम्हांस नवा नव्हता. सुमारें चाळीस वर्षांपूर्वीं, आम्ही नुकतेच शिक्षक झालों असतां, मराठ्यांच्या इतिहासावरील एका इंग्रजी उताऱ्यांत डोंगरी किल्ल्यांविषयीं 'फास्टनेस' हा शब्द आला होता. एका विद्यार्थ्यानें त्याचें भाषांतर 'डोंगरांतील घाई' असें केलें. वर्ग हंसला आणि, सांगण्यास लाज वाटते, आम्हीही हंसलों. "गुरुजी, जलद या अर्थाच्या शब्दाचा दुर्ग कसा झाला?" असें त्यानें नम्रपणें विचारलें. "कोशांत तसें दिलें आहे, पाठ कर," असें आम्हीं दरडावून सांगितलें. खरें उत्तर आम्हांसच ठाऊक नव्हतें, आणि तें उघडें पडूं नये म्हणून आवाज चढविला होता. पुढें वर्षभर त्या मुलानें आमच्या तासाला एकही प्रश्न विचारला नाहीं.

म्हणून या खेपेस आम्हीं नातीस जवळ बसवून कोश उघडला. त्या विद्यार्थ्याची वाट बरोबर होती, फक्त ती उलट दिशेनें चालावयाची होती. 'फास्ट'चा मूळ अर्थ 'जलद' नव्हेच. तो 'घट्ट, अचल, दृढ' असा आहे. जर्मन भाषेंतील 'फेस्ट' हा त्याचा सख्खा भाऊ आजही याच अर्थीं नांदतो. धुतां न जाणारा रंग फास्ट. गाढ झोंप फास्ट. न ढळणारी निष्ठा 'स्टेडफास्ट'. आणि शत्रूस सहसा हातीं न लागणारा दुर्ग तो 'फास्टनेस'. आमच्या वसईचा किल्लाच पाहा. १५३४ सालीं हा मुलूख पोर्तुगीजांकडे गेला. १७३७ सालीं सुरू झालेल्या मोहिमेंत चिमाजी आप्पांस हा किल्ला हातीं येण्यास १७३९ चा मे महिना उजाडावा लागला. येथें घाईचें काम नव्हतें!

मग उपास कोठून आला? प्राचीन गॉथिक भाषेंत 'फास्तान' या क्रियापदाचे 'राखणें, पाळणें' आणि 'उपास करणें' असे दोन्ही अर्थ होते. नेम घट्ट धरून राहणें, हाच तो दुवा. ईस्टरपूर्वीच्या चाळीस दिवसांत उपास पाळणारे आमचे ख्रिस्ती शेजारी आणि एकादशी करणारें आमचें घर यांस हा अर्थ सारखाच लागू पडतो. आपला 'उपवास' हा शब्द मात्र 'उप' आणि 'वस्' यांपासून झालेला. त्याचा अर्थ जवळ राहणें. यज्ञाच्या आदल्या दिवशीं देव यजमानाच्या घरीं येऊन राहतात, आणि पाहुणे जेवले नसतां यजमानानें जेवणें शोभत नाहीं, असें विवेचन शतपथब्राह्मणाच्या आरंभींच आहे. गंमत अशी कीं, जुन्या इंग्रजी काव्यांत 'फास्ट बाय' म्हणजे 'अगदीं जवळ'. हे दोन शब्द कांहीं एका धातूचे नव्हेत. पण घट्टपणा आणि सान्निध्य एकमेकांच्या शेजारीं राहतात, एवढें यावरून दिसतें. 'एकादशी अन् दुप्पट खाशी' म्हणणाऱ्या आमच्यासारख्यांनीं यावर विचार करावा.

आतां राहिला वेग. घट्ट धरणें म्हणजे नेट लावणें. नेटानें धांवणें म्हणजे जोरानें धांवणें. आणि जोरानें धांवणारा अर्थातच लवकर पोंचतो. मराठींतही 'जोर' म्हणजे बळ, परंतु 'जोरांत पळ' म्हटलें कीं मूल वेगच समजतें. इंग्रजांनींही हेंच केलें. १८६७ च्या १२ एप्रिलला विरारहून मुंबईच्या बॅकबेपर्यंत उपनगरी गाडी प्रथम धांवली. १९३६ सालीं विजेची गाडी विरारपर्यंत आली. आणि आज 'विरार फास्ट' हे दोन शब्द येथील प्रत्येक घराच्या घड्याळांत बसले आहेत. त्या गर्दींत दांडी घट्ट धरून उभ्या असलेल्या चिरंजीवांस या शब्दाचे दोन्ही अर्थ एकाच वेळीं अनुभवास येतात. ते सुखरूप घरीं येईपर्यंत त्यांच्या मातोश्रींचा जीव दारांत असतो, हा तिसरा उपास!

दुसऱ्या दिवशीं द्वादशीचें पान वाढलें असतां नात म्हणाली, "आजी, आज तुझा ब्रेकफास्ट!" शब्द अगदीं बरोबर होता. इंग्रज उपास मोडतो. आपलें 'पारणें' मात्र व्रत पार पाडतें, पैलतीरास नेतें. एवढा भेद आम्हीं तिला सांगितला, आणि तिनें आणखी चार प्रश्न विचारले.

तो विद्यार्थी आतां पन्नाशी उलटलेला गृहस्थ असेल. त्याच्या घरीं हें मासिक जात असल्यास त्यानें समजावें कीं, त्याचा प्रश्न योग्य होता व हंसणारे आम्ही अज्ञ होतों. वाचकांसही एकच विनंति आहे : घरांतील मुलानें असें कांहीं विचारिलें आणि उत्तर येत नसेल, तर आवाज चढवूं नये. 'मला ठाऊक नाहीं, चल, पाहूं,' असें म्हणून त्याच्यासह कोश उघडावा. आम्हांस तेवढें म्हणण्यास चाळीस वर्षें लागलीं.