आरोग्य बचत खाते : आजारपणाच्या खर्चाची अमेरिकेतील एक व्यवस्था

शासकीय सेवेतील व्यक्तीस वैद्यकीय प्रतिपूर्तीचे देयक ही बाब नवीन नाही. खर्च आधी पदरमोड करून भागवावयाचा, पावत्या व प्रमाणपत्रे जोडून प्रस्ताव सादर करावयाचा आणि नंतर मंजुरीची वाट पाहावयाची, हा क्रम शिक्षकांच्या व कर्मचाऱ्यांच्या अंगवळणी पडलेला आहे. अमेरिकेत मात्र देयक सादर करणारा, ते मंजूर करणारा आणि रक्कम अदा करणारा असे तिघेही एकाच व्यक्तीत सामावलेले असतात, अशी एक व्यवस्था गेली वीसहून अधिक वर्षे चालू आहे. ‘आरोग्य बचत खाते’ या नावाने ती ओळखली जाते. महाराष्ट्रातील अनेक कुटुंबांतील मुले-मुली आज त्या देशात नोकरीस आहेत व त्यांच्यापैकी पुष्कळांना अशी खाती आहेत. तेव्हा या खात्याचे स्वरूप समजून घेणे अप्रस्तुत ठरू नये.

अमेरिकेत १९९६ च्या कायद्याने वैद्यकीय बचत खात्यांचा मर्यादित प्रयोग सुरू झाला होता. त्यानंतर ८ डिसेंबर २००३ रोजी अध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी स्वाक्षरी केलेल्या कायद्याने सध्याचे खाते अस्तित्वात आले व १ जानेवारी २००४ पासून ते उघडता येऊ लागले.

हे खाते वाटेल त्याला उघडता येत नाही. त्यासाठी विशिष्ट प्रकारचा आरोग्य विमा असावा लागतो. या विम्याचा हप्ता तुलनेने कमी असतो, परंतु वर्षाच्या आरंभी होणारा खर्च काही ठरावीक रकमेपर्यंत विमेदाराने स्वतःच सोसावयाचा असतो. या रकमेस तेथे ‘डिडक्टिबल’ म्हणतात. २०२६ या वर्षासाठी ती एकट्या व्यक्तीच्या बाबतीत किमान १,७०० डॉलर व कुटुंबाच्या बाबतीत किमान ३,४०० डॉलर असली पाहिजे, असा नियम आहे. ती रक्कम ओलांडल्यावरच विमा कंपनी आपला वाटा उचलू लागते. रोगप्रतिबंधक तपासण्या व लसी यांना ही अट लागू नाही. विमेदारावर पडणारा हा पहिला भार पेलण्यासाठी आधीपासून पैसा बाजूला काढून ठेवणे, हे या खात्याचे मूळ प्रयोजन होय. २०२६ मध्ये एकट्या व्यक्तीस ४,४०० डॉलरपर्यंत व कुटुंबास ८,७५० डॉलरपर्यंत भरणा करता येतो. वयाची ५५ वर्षे पूर्ण केलेल्यांना १,००० डॉलर अधिक भरता येतात. मालकानेही त्यात भर घातल्यास ती याच मर्यादेत धरली जाते. वर्षअखेर शिल्लक राहिलेली रक्कम बुडत नाही, आणि नोकरी बदलली तरी खाते खातेदाराचेच राहते.

खर्च कसा भागविला जातो

समजा, एखाद्याचा हात मोडला. रुग्णालयात तो प्रथम विम्याचे कार्ड दाखवितो. रुग्णालयाचे देयक विमा कंपनीकडे जाते. कंपनीने त्या रुग्णालयाशी आधीच दर ठरविलेले असतात, त्या दरांनुसार देयकात कपात होते आणि रुग्णाच्या वाट्याला किती रक्कम येते याचे विवरण त्याच्या घरी येते. हे विवरण हाती येईपर्यंत पैसे न भरणे शहाणपणाचे असते, कारण मूळ देयक व अंतिम रक्कम यांत पुष्कळ तफावत असू शकते. नंतर खात्याशी जोडलेल्या कार्डाने ती रक्कम थेट भरता येते, किंवा तूर्त खिशातून भरून पुढे खात्यातून तेवढीच रक्कम काढून घेता येते. या ‘पुढे’ला कालमर्यादा नाही. आज केलेल्या खर्चाची रक्कम दहा वर्षांनंतरही काढता येते. मात्र तो खर्च खाते उघडल्यानंतरचा असला पाहिजे, आणि त्याची पावती जपून ठेवलेली असली पाहिजे. पैसे काढतेवेळी पावती कोणी मागत नाही. ती मागितली जाते कर खात्याच्या तपासणीच्या वेळी, आणि सारी गोम तेथेच आहे.

डॉक्टरांची फी, शस्त्रक्रिया, दातांचे उपचार, चष्मा, श्रवणयंत्र व औषधे यांचा समावेश ग्राह्य खर्चात होतो. चिठ्ठीवाचून मिळणाऱ्या औषधांसाठी २०११ पासून डॉक्टरांची चिठ्ठी आवश्यक करण्यात आली होती. २०२० च्या कायद्याने ही अट गेली व मासिक पाळीच्या साहित्याचाही समावेश झाला. सौंदर्यवर्धनाच्या शस्त्रक्रिया सर्वसाधारणपणे ग्राह्य नाहीत. विम्याचा हप्ताही, काही अपवाद वगळता, या खात्यातून भरता येत नाही. अन्य कारणासाठी पैसे काढल्यास त्यावर प्राप्तिकर तर लागतोच, शिवाय २० टक्के जादा कर भरावा लागतो. वयाच्या ६५ व्या वर्षानंतर हा जादा कर माफ होतो.

येथील कुटुंबांच्या दृष्टीने दोन गोष्टी सांगण्याजोग्या आहेत. परदेशात घेतलेला कायदेशीर उपचारही ग्राह्य धरला जातो. सुट्टीत पुण्यास आलेल्या खातेदाराने येथील दंतवैद्याकडे उपचार घेतल्यास, पावती असल्यास तो खर्च खात्यातून भागविता येतो. परंतु गावी राहणाऱ्या आईवडिलांच्या शस्त्रक्रियेचा खर्च मात्र, मुलाने स्वतः केला तरी, सामान्यतः या खात्यातून भागविता येत नाही. खातेदार, त्याचा जोडीदार व कायद्याच्या व्याख्येत बसणारे अवलंबित यांच्यापुरतीच ही सोय आहे, आणि अमेरिकेचे नागरिकत्व नसलेले, भारतात राहणारे आईवडील त्या व्याख्येत बसत नाहीत. आपल्याकडील कल्पनेनुसार हा नियम विचित्र वाटेल, पण तो तसा आहे खरा.

लाभ कोणाचा?

या खात्यात भरलेल्या रकमेवर केंद्रीय प्राप्तिकर नाही, तिच्यावरील व्याजावर नाही आणि वैद्यकीय कारणासाठी ती काढतानाही नाही. करसवलतीचा असा तिहेरी मेळ अन्यत्र क्वचितच आढळतो. परंतु सवलतीचे मोल उत्पन्नावर अवलंबून असते. २२ टक्के दराने कर भरणाऱ्याने १,२०० डॉलरचा खर्च खात्यातून भागविला, तर त्याचे २६४ डॉलर वाचतात. १० टक्के दराने कर भरणाऱ्याचे १२० वाचतात. ज्याचे उत्पन्न करपात्रच नाही त्याचा प्राप्तिकर वाचत नाही, आणि खात्यात भरण्यास त्याच्यापाशी पैसाही नसतो. डिडक्टिबलचा भार मात्र त्यालाही तेवढाच पडतो.

स्वतःच्या पैशाने खर्च करावा लागला की माणूस विचारपूर्वक करील, हा या व्यवस्थेमागील युक्तिवाद आहे. तो सर्वस्वी चुकीचा नाही. तथापि १९७४ ते १९८२ या काळात अमेरिकेतच रँड संस्थेने केलेल्या प्रयोगात असे दिसून आले, की खर्चाचा वाटा अंगावर पडला म्हणजे लोक अनावश्यक उपचारांबरोबर आवश्यक उपचारही कमी करतात. मधुमेही रुग्णाने इन्सुलिन घेणे लांबविले तर ती काटकसर नव्हे. शासनालाही हे जाणवले असावे. इन्सुलिनसारख्या काही दीर्घकालीन उपचारांना डिडक्टिबल पूर्ण होण्याआधीच विम्याचे संरक्षण देण्याची मुभा २०१९ मध्ये कंपन्यांना देण्यात आली. १ जानेवारी २०२६ पासून शासकीय विमा बाजारपेठेतील ‘ब्राँझ’ श्रेणीचे विमेही या खात्यास पात्र ठरले असून, त्यामुळे खाते उघडू शकणाऱ्यांचे वर्तुळ वाढले आहे.

महाराष्ट्रातील महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत अनेकांची जोखीम एकत्र बांधून शासन रुग्णालयाचे पैसे भरते. बचत खात्यात ज्याचे आजारपण त्याचीच पुंजी. खातेदाराच्या मृत्यूनंतर नामनिर्देशित जोडीदारास हे खाते जसेच्या तसे स्वतःचे म्हणून पुढे चालविता येते. वारस अन्य कोणी असल्यास खात्याचे हे स्वरूप संपुष्टात येते व शिल्लक रक्कम त्या वारसाचे करपात्र उत्पन्न ठरते. मृताच्या मृत्यूपूर्व उपचारांची देयके वारसाने वर्षभराच्या आत चुकती केली असतील, तर तेवढी रक्कम त्यातून वजा होते.