शनिवार तेल्यांची तीर्थे

मुंबईत ज्यू वारसा दाखवणारी सहल बहुधा काळा घोड्यापासून सुरू होते. जेकब ससून यांनी १८८४ मध्ये बांधलेले केनेसेथ एलियाहू, मग भायखळ्याला डेव्हिड ससून यांनी १८६४ मध्ये उभारलेले घड्याळाच्या मनोऱ्याचे मागेन डेव्हिड. रंगीत काचा, उंच खांब, फोटो आणि दुपारचे जेवण. या वास्तू सुंदर आहेत, त्या पाहाव्यातच. पण त्या बगदादी ज्यूंच्या आहेत. एकोणिसाव्या शतकात व्यापारासाठी मुंबईत आलेल्या, कापूस आणि अफूच्या व्यापारात मोठ्या झालेल्या घराण्यांनी त्या बांधल्या. त्याच्या कितीतरी आधीपासून मराठी बोलणारे, मराठी आडनावे लावणारे ज्यू कोकणात राहत होते. त्यांना पाहायचे तर सहलीची दिशा बदलावी लागते.

मी राहतो त्या कोपरहून ही दिशा चांगली दिसते. कोपर हे दुमजली स्टेशन. खालून मुंबई-कल्याण लोकल धावतात आणि वरून वसई-दिवा मार्ग जातो. खालच्या गाडीने पश्चिमेकडे गेले की अर्ध्या तासाच्या आत ठाणे येते. वरच्या मार्गाची गाडी निळजे-तळोज्यावरून पनवेलला पोचते आणि तिथून पुढे रूळ पेण, नागोठणे, रोह्याकडे जातात. पनवेल, पेण, रोहा या नावांपाशी बेने इस्रायल समाजाचा नकाशा सुरू होतो. पेणला उतरून एसटीने अलिबाग गाठले की आपण त्या नकाशाच्या मध्यावर असतो. ठाणे हे याच वाटेचे आजचे टोक. म्हणून मी ओळखीच्या मंडळींना घेऊन जातो तेव्हा सुरुवात सिनेगॉगपासून करत नाही, ती अलिबागजवळच्या नवगावपासून करतो.

समाजाची परंपरा अशी : सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी या किनाऱ्यालगत एक गलबत फुटले. सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या. समुद्राने बाहेर टाकलेली प्रेते नवगावच्या भूमीत पुरली गेली. आज तिथे स्मारकस्तंभ आहे आणि आजूबाजूला जुन्या कबरी आहेत. गलबत फुटल्याचा त्या काळातला कोणताही लेख नाही. सन १२०० च्या सुमारास मायमोनिदेस या ज्यू तत्त्वज्ञाने एका पत्रात हिंदुस्थानातल्या ज्यूंचा उल्लेख केला आहे : शब्बाथ आणि सुंता याखेरीज त्यांना धर्मातले काही ठाऊक नाही, असा. तो याच समाजाविषयी असावा असे अनेकांना वाटते. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात या समाजात पश्चिम आशियातील ज्यूंचा आणि भारतीयांचा, असे दोन्ही वारसे आढळले. म्हणजे कथेचा गाभा खोटा नाही. पण नवगावला उभे राहिल्यावर तारखेपेक्षा एक गोष्ट अधिक जाणवते. या समाजाचे पहिले पवित्र स्थळ म्हणजे एक दफनभूमी आहे. ज्यांचे ग्रंथ बुडाले, त्यांच्याजवळ आठवण ठेवायला मातीच उरली होती.

वाचलेल्यांच्या वंशजांनी तेलाचे घाणे चालवले. शनिवारी घाणा बंद. त्यावरून गावाने त्यांना नाव दिले : शनिवार तेली. सोमवारी घाणा बंद ठेवणारे हिंदू तेली ते सोमवार तेली. या नावात कुतूहल आहे, तुच्छता नाही. शेजाऱ्यांनी त्यांना धर्मावरून ओळखले नाही, सुटीच्या वारावरून ओळखले. आडनावेही गावांवरूनच आली. किहीमचे ते किहीमकर, दिव्याचे दिवेकर, झिराडचे झिराडकर, अष्टमीचे अष्टमकर, पेणचे पेणकर, चौलचे चौलकर, राजपुरीचे राजपुरकर. अशी आडनावे शंभराहून अधिक आहेत. त्यांची यादी घेऊन रायगडचा नकाशा उघडला तर समाज कुठेकुठे पांगला होता ते गावागणिक कळते.

ग्रंथ नसताना धर्म टिकला कसा? तो घरात टिकला. 'शेमा इस्रायल' ही एक प्रार्थना पाठ होती. जन्म, लग्न, मृत्यू, सगळ्या प्रसंगी तीच म्हटली जाई. सण टिकले, त्यांची हिब्रू नावे मात्र गेली आणि मराठी नावे आली. वर्षारंभाचा तो नव्याचा सण. योम किप्पूरला दिवसभर घराचे दार लावून उपास करायचा, म्हणून दारफळणीचा सण. पुरीमला होळीचा सण म्हणत, कारण तो होळीच्या आसपास येतो. जेरुसलेमच्या मंदिराचा नाश झाला त्या तिथीचा उपास म्हणजे बिरड्याचा रोजा. त्या वेळी जेवणात बिरडे असे. या शेवटच्या नावातच सारे कोकण आहे. वाल मोड आणून सोलायचे, शेजारणीसारखेच. आणि त्यातून स्मरण करायचे ते हजारो मैल दूरच्या, कधीही न पाहिलेल्या मंदिराचे. 'रोजा' हा शब्द मुसलमान शेजाऱ्यांकडून आला, बिरडे हिंदू शेजाऱ्यांच्या स्वयंपाकातले आणि दुःख यांचे स्वतःचे.

डेव्हिड राहाबी नावाचा ज्यू प्रवासी या लोकांत आला तेव्हा त्याने त्यांची परीक्षा घेतल्याची कथा सांगतात. त्याने बायकांना मासे रांधायला दिले. त्यांनी पर आणि खवले नसलेले मासे बाजूला काढले. आम्ही हे खात नाही, म्हणाल्या. राहाबीची खात्री पटली. हा राहाबी हजार वर्षांपूर्वीचा असे परंपरा म्हणते, तर काही अभ्यासक त्याला अठराव्या शतकातल्या कोचीनच्या राहाबी घराण्याशी जोडतात. काळ कोणताही असो, परीक्षा पुरुषांची झाली नाही आणि ग्रंथांचीही नाही, ती चुलीपाशी झाली. ज्या काळात सिनेगॉग नव्हते त्या काळात चूल हेच धर्मस्थान होते.

दुसरे ठिकाण अलिबागजवळचे खंडाळा. लोणावळ्याशेजारचे नव्हे, सागावजवळचे. तिथे एका खडकावर चाकांच्या आणि टापांच्या खुणा दाखवतात. संदेष्टा एलियाहू अग्निरथात बसून इथून स्वर्गाला गेला अशी समाजाची श्रद्धा. या जागेला 'एलियाहू हन्नाबीचा टापा' म्हणतात. बायबलमध्ये एलियाहूचे स्वर्गारोहण जॉर्डन नदीपलीकडे होते. कोकणातल्या श्रद्धेने तो प्रसंग आपल्या खडकावर आणला. जगातल्या बाकीच्या ज्यूंना अशी जागा ठाऊक नाही. जेजुरीच्या वाटेवर घोड्याच्या टापा आणि गावोगावच्या कातळांवर देवाची पावले पाहत वाढलेल्या मराठी माणसाला मात्र ती लगेच कळते.

या श्रद्धेतूनच मलिदा येतो. पोहे, ओले खोबरे, गूळ किंवा साखर, वेलची, सुका मेवा, सोबत फळे. नवस फेडताना, लग्नाआधी, नव्या घरात, परदेशी जाताना मलिदा करतात. ताट मध्ये ठेवून एलियाहूचे स्मरण होते, प्रत्येक पदार्थावर हिब्रू आशीर्वचन म्हटले जाते आणि मग सगळे खातात. समाजातली मंडळी खंडाळ्याच्या खडकापाशीही मलिदा करतात.

आता सिनेगॉगकडे येऊ. त्यांच्या तारखा एका ओळीत मांडल्या की चित्र स्पष्ट होते. मुंबईचे शार हारहमीम १७९६, रेवदंड्याचे बेथ एल १८४२, अलिबागच्या इस्रायल आळीतले मागेन अबोथ १८४८ (आजची इमारत १९१० ची), पनवेलचे बेथ एल १८४९, पेणचे बेथ हा-एलोहिम १८६३, ठाण्याचे शार हाशामायीम १८७९. म्हणजे दोन हजार वर्षांच्या परंपरेत सिनेगॉगची वर्षे सव्वादोनशे. पहिले बांधले सामाजी हसाजी दिवेकर यांनी. हे नाव मराठी, पण हिब्रू वळणाने ते सॅम्युएल इझिकेल दिवेकर. ते कंपनीच्या फौजेत अंमलदार होते, म्हैसूरच्या लढाईत टिपूच्या कैदेत पडले आणि सुटून आल्यावर त्यांनी मुंबईत सिनेगॉग बांधले. त्याला लोक जुनी मशीद म्हणू लागले. मस्जिद स्टेशनाचे नाव त्यावरूनच पडले असे समाजात सांगतात. पुण्यात डेव्हिड ससून यांनी बांधायला घेतलेल्या आणि १८६७ मध्ये पूर्ण झालेल्या ओहेल डेव्हिडला लोक लाल देऊळ म्हणतात. ज्यूंच्या प्रार्थनागृहाला मराठी माणसाने एका शहरात मशीद म्हटले, दुसऱ्यात देऊळ.

याच काळात समाज पुन्हा ग्रंथांकडे वळला. कोचीनहून शिक्षक आले. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये हिब्रूचे व्याकरण मराठीत लिहिले. त्यांचा हेतू धर्मांतराचा होता. समाजाने व्याकरण घेतले, धर्म तोच ठेवला. पेसाहच्या रात्री वाचायचा हगादा १८४६ मध्ये मुंबईत मराठीसह छापला गेला आणि १८७४ मध्ये पुण्यात. पुण्याच्या आवृत्तीतल्या चित्रात बेखमीर भाकरी करणाऱ्या बायका साड्या नेसलेल्या आहेत. जोसेफ इझिकेल राजपुरकर यांनी हिब्रू प्रार्थनापुस्तके मराठीत आणली. १८८० च्या सुमारास अब्राहाम, योसेफ यांच्या आख्यानांवर मराठी कीर्तनेही होऊ लागली.

ठाण्याला, टेंभी नाक्याजवळ सिव्हिल हॉस्पिटल रोडवरच्या शार हाशामायीममध्ये गेल्यावर इतके सगळे आठवावे लागते, नाहीतर ते शहरातले आणखी एक जुने बांधकाम वाटते. मध्ये तेवा, म्हणजे वाचनाचा चौथरा. पश्चिमेच्या भिंतीत तोराची गुंडाळी ठेवण्याचे कपाट. पश्चिमेला, कारण इथून जेरुसलेम त्या दिशेला आहे. तेवत राहणारा दिवा. एलियाहूसाठी राखलेली खुर्ची, जिच्यापाशी सुंतेचा विधी होतो. आत जाताना डोके झाकायचे, शब्बाथच्या दिवशी फोटो काढायचे नाहीत.

पण ठाण्याचे खरे वेगळेपण वस्तूंमध्ये नाही. तिथे अजून माणसे आहेत. ज्यू नियमाप्रमाणे सामुदायिक प्रार्थनेला तेरा वर्षांवरचे दहा पुरुष लागतात. त्याला मिन्यान म्हणतात. नऊ असतील तर तोरा कपाटातून काढून वाचता येत नाही, मृतांसाठीचा कद्दीश म्हणता येत नाही. नऊ माणसांचे सिनेगॉग ही केवळ इमारत असते.

१९४८ नंतर समाजातले बहुसंख्य लोक इस्रायलला गेले. तिथेही त्यांना सिद्ध व्हावे लागले. लग्नांच्या बाबतीत तिथल्या धर्मगुरूंनी त्यांच्या ज्यूपणावर शंका घेतली. समाजाने आंदोलन केले आणि १९६४ मध्ये त्यांचे ज्यूपण पूर्णपणे मान्य झाले. इकडे २०११ च्या जनगणनेत सबंध भारतात ज्यूंची संख्या सुमारे साडेचार हजार होती, त्यातले निम्म्याहून अधिक महाराष्ट्रात. २०१६ मध्ये राज्य सरकारने त्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला. कोकणातल्या जुन्या गावांत मात्र दहाचा आकडा गाठणे कठीण झाले आहे.

म्हणून वारसा सहलीकडे मी आता वेगळ्या नजरेने पाहतो. रायगडातल्या एका सिनेगॉगमध्ये मी काही परिचितांसह गेलो होतो, त्याच वेळी इस्रायलहून काही कुटुंबे आली. आजोबांचे गाव पाहायला आलेली. त्यांतले म्हातारे अजून मराठी बोलत होते. देखभाल करणाऱ्या गृहस्थांनी बोटाने माणसे मोजली, आणखी एकाला आळीतून बोलावून घेतले. आकडा दहा झाला आणि तोरा बाहेर आली. मी मागे उभा होतो. त्या आकड्यात माझी गणती होऊ शकत नव्हती, ती व्हावी असे वाटण्याचा मला हक्कही नव्हता. पण त्या अर्ध्या तासात ती जागा पुन्हा सिनेगॉग झाली, हे पाहता आले.

पर्यटक आले की वास्तूंना रंग मिळतो, छप्पर दुरुस्त होते. ते हवेच. मात्र दुरुस्त छपराखाली दहा माणसे नसतील तर आपण एक नीटनेटके संग्रहालय जपलेले असेल. दहावा माणूस आणणे माझ्यासारख्या बाहेरच्याच्या हातात नाही. आपल्या हातात आहे ती शेजाऱ्याची आठवण. कोणत्या घराण्याचा घाणा कुठे होता, कोणत्या विहिरीला अजून इस्रायलांची विहीर म्हणतात, कोणाच्या आजीने मलिदा खाल्ला होता. हे समाजाबाहेरच्या मराठी माणसांनाच ठाऊक आहे आणि ते लिहून ठेवलेले नाही. रायगड-ठाण्यातल्या गावांत ज्यांची मुळे आहेत त्यांनी या दिवाळीत घरातल्या वडीलधाऱ्यांना एवढेच विचारावे : आपल्या गावात शनिवार तेली होते का, आणि त्यांचे घर कुठे होते?