तरुण पुरुषांमधील केसगळती

तरुण पुरुषांमधील केसगळती म्हणजे यौवनारंभानंतर आणि साधारणतः वयाच्या तिशीच्या आत पुरुषांच्या डोक्यावरील केस विरळ होऊ लागणे. तिची अनेक कारणे आहेत. त्यांपैकी सर्वाधिक आढळणारे कारण म्हणजे आनुवंशिकता व पुरुषी संप्रेरके यांच्या संयुक्त परिणामातून येणारे पुरुषी टक्कल होय. वैद्यकशास्त्रात त्यास अँड्रोजेनेटिक अलोपेशिया म्हणतात. पुरुषी टक्कल हळूहळू वाढते व आपोआप थांबत नाही. याउलट आजारपण, उपासमार, मानसिक आघात किंवा विषबाधा यांमुळे होणारी केसगळती बहुधा अचानक सुरू होते आणि कारण दूर झाल्यावर पुष्कळदा भरून निघते. या दोन प्रकारांचे उपचार निरनिराळे असल्यामुळे सुरुवातीच्या काळात योग्य निदान होणे महत्त्वाचे ठरते.

केसांचे चक्र

माणसाच्या डोक्यावर सुमारे एक लाख केस असतात. प्रत्येक केस त्वचेतील केशपुटक नावाच्या सूक्ष्म पिशवीतून उगवतो. केशपुटक तीन अवस्थांतून जाते. वृद्धीची अवस्था २ ते ६ वर्षे चालते, संक्रमणाची अवस्था २ ते ३ आठवड्यांची असते आणि विश्रांतीची अवस्था सुमारे ३ महिन्यांची असते. विश्रांतीच्या अखेरीस जुना केस गळतो व त्याच जागी नवा उगवतो. त्यामुळे दररोज ५० ते १०० केस गळणे नैसर्गिक मानले जाते. उशीवर, कंगव्यात किंवा न्हाणीघराच्या जाळीवर केस दिसले म्हणजे टक्कल पडणारच, असा निष्कर्ष काढता येत नाही.

पुरुषी टकलात गळणाऱ्या केसांची संख्या फारशी वाढतेच असे नाही. मुख्य बदल केशपुटकात होतो. प्रत्येक चक्रात ते थोडे लहान होते, वृद्धीची अवस्था आखूड होते आणि उगवणारा केस अधिक बारीक व तोकडा होत जातो. शेवटी त्या जागी केवळ मऊ लव उरते. केशपुटक आक्रसण्याच्या या काळात उपचारांचा परिणाम सर्वाधिक दिसतो. दीर्घकाळ गुळगुळीत राहिलेल्या त्वचेवर औषधांनी केस परत येण्याची शक्यता फार कमी असते.

कारणे

टेस्टोस्टेरॉन या संप्रेरकाचे ५-अल्फा रिडक्टेज या विकराच्या साहाय्याने डायहायड्रोटेस्टोस्टेरॉनमध्ये (डीएचटी) रूपांतर होते. आनुवंशिकदृष्ट्या संवेदनशील केशपुटके डीएचटीच्या प्रभावाने आक्रसतात. कपाळाच्या वरची बाजू व माथा येथील केशपुटके संवेदनशील असतात, तर डोक्याच्या मागील व कानांवरील भागातील केशपुटकांवर हा परिणाम सहसा होत नाही. त्यामुळे टक्कल पूर्ण पडले तरी मागील बाजूस केसांची कड शिल्लक राहते.

संप्रेरकांचा हा संबंध अमेरिकी शरीररचनाशास्त्रज्ञ जेम्स हॅमिल्टन यांनी १९४२ मध्ये मांडला. यौवनारंभापूर्वी वृषण काढलेल्या पुरुषांना टक्कल पडत नाही, मात्र घराण्यात टक्कल असलेल्या अशा पुरुषांना टेस्टोस्टेरॉन दिल्यास ते पडू लागते, असे त्यांना आढळले. १९७४ मध्ये ज्युलियन इम्पेरातो-मॅकगिन्ली व सहकाऱ्यांनी डॉमिनिकन प्रजासत्ताकातील ५-अल्फा रिडक्टेजची जन्मजात कमतरता असलेल्या काही कुटुंबांचे वर्णन प्रसिद्ध केले. या पुरुषांमध्ये टक्कल आढळत नव्हते. फिनास्टेराइड या औषधाचा विकास याच निरीक्षणाच्या आधारे झाला.

टक्कल केवळ आईकडून येते हा समज अपुरा आहे. संप्रेरकग्राहीचे एक महत्त्वाचे जनुक एक्स गुणसूत्रावर असल्यामुळे ते मुलाला आईकडून मिळते. परंतु इतर गुणसूत्रांवरील अनेक जनुकांचाही यात वाटा असतो. त्यामुळे वडील, काका, मामा व दोन्ही आजोबा या सर्वांचा इतिहास विचारात घेतला जातो. व्यायामशाळांतून घेतल्या जाणाऱ्या ॲनाबॉलिक स्टिरॉइडमुळे संवेदनशील व्यक्तींमध्ये ही प्रक्रिया वेगाने पुढे जाऊ शकते.

प्रारंभीची लक्षणे

सुरुवात बहुधा दोन्ही कानशिलांच्या वरच्या कोपऱ्यांतील केशरेषा मागे सरकण्याने किंवा माथ्यावरील भोवऱ्याभोवती केस विरळ होण्याने होते. पौगंडावस्थेतील केशरेषा वयात येताना थोडी मागे जाणे मात्र स्वाभाविक असते. सर्व केशरेषा सारखी व अल्प प्रमाणात मागे जाऊन स्थिर झाल्यास ते टकलाचे लक्षण मानले जात नाही. कोपरे खोल होत जाणे, कपाळाजवळील केस बारीक व आखूड दिसू लागणे आणि हा बदल वर्षभरात छायाचित्रांतून जाणवणे, ही पुरुषी टकलाची लक्षणे आहेत. त्यामुळे रोज आरशात पाहण्यापेक्षा दर तीन महिन्यांनी एकाच जागी, एकाच प्रकाशात छायाचित्र घेणे अधिक उपयोगी ठरते.

पुरुषी टकलाच्या अवस्था नोंदवण्यासाठी हॅमिल्टन यांनी १९५१ मध्ये वर्गीकरण केले. ओटार नॉरवूड यांनी १९७५ मध्ये त्यात सुधारणा केली. सात मुख्य प्रकारांचे हे वर्गीकरण हॅमिल्टन-नॉरवूड श्रेणी म्हणून ओळखले जाते.

केसगळतीचे इतर प्रकार

ताप, शस्त्रक्रिया, अपघात, वेगाने केलेली वजनघट किंवा तीव्र मानसिक ताण यांनंतर अनेक केशपुटके एकाच वेळी विश्रांतीच्या अवस्थेत जातात. त्यानंतर साधारण २ ते ३ महिन्यांनी केस मोठ्या प्रमाणावर गळू लागतात. मधल्या काळामुळे मूळ कारण रुग्णाच्या ध्यानात राहत नाही. डेंग्यू, विषमज्वर व कोविड-१९ या आजारांनंतर हा प्रकार दिसतो. घर सोडून वसतिगृहात राहू लागलेल्या विद्यार्थ्यांमध्ये आहारातील प्रथिने व लोह यांची कमतरता हेही कारण असू शकते. कारण दूर झाल्यास बहुतांश रुग्णांचे केस सहा ते नऊ महिन्यांत पूर्ववत होतात.

चाई या विकारात शरीराची प्रतिकारयंत्रणा केशपुटकांवर हल्ला करते आणि डोक्यावर किंवा दाढीत नाण्याएवढे गुळगुळीत चट्टे पडतात. डोक्यावरील नायट्यात खाज, खपल्या व तुटलेले केस आढळतात. केस सतत घट्ट ओढून बांधल्यानेही कडेचे केस जाऊ शकतात. थायरॉइड ग्रंथीचे विकार हे आणखी एक कारण आहे.

विदर्भातील संदर्भ

अचानक होणाऱ्या केसगळतीचे महाराष्ट्रातील सर्वाधिक चर्चिले गेलेले उदाहरण बुलढाणा जिल्ह्यातील आहे. डिसेंबर २०२४ च्या अखेरीपासून शेगाव तालुक्यातील कालवड, हिंगणा आदी गावांत अनेकांचे केस काही दिवसांतच गळून टक्कल पडले. (हे हिंगणा गाव नागपूर जिल्ह्यातील त्याच नावाच्या तालुक्याहून वेगळे आहे.) बाधितांत मुले, तरुण, स्त्रिया व वृद्ध असे सर्व जण होते. प्रारंभी पाण्यातील दोष व बुरशीजन्य संसर्ग यांचा संशय घेण्यात आला. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पथकानेही गावांना भेट देऊन नमुने घेतले. विंचूदंशावरील संशोधनासाठी प्रसिद्ध असलेले महाड येथील डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी २०२५ मध्ये शिधावाटप दुकानांतील गव्हात सेलेनियमचे प्रमाण स्थानिक गव्हाच्या सुमारे ६०० पट असल्याचे सांगून त्यास केसगळतीचे कारण ठरवले. स्त्रिया व मुले यांनाही एकाच वेळी, काही दिवसांत टक्कल पडणे हे पुरुषी टकलाचे लक्षण नसल्याने, अशा वेळी केसांवरील औषधांपेक्षा बाह्य कारणाचा शोध महत्त्वाचा ठरतो.

नागपूर जिल्ह्यातील हिंगणा तालुक्यात तरुणांची संख्या वेगळ्या कारणाने मोठी आहे. येथे महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची वसाहत असून डिगडोह व वानाडोंगरी परिसरात अभियांत्रिकी व वैद्यकीय महाविद्यालये आहेत. घराबाहेर राहणे, खानावळीचे जेवण, परीक्षा किंवा पाळीच्या कामाचा ताण आणि पुरुषी टकलाचा प्रारंभ हे सारे एकाच वयात येते. त्यामुळे नव्या गावचे पाणी, शिरस्त्राण किंवा उन्हाळ्याची तीव्रता यांवर दोष ठेवला जातो. तथापि कठीण पाण्याने केस राठ होऊ शकतात, केशपुटक आक्रसत नाही. शिरस्त्राणानेही पुरुषी टक्कल पडत नाही. मात्र घामाने भिजलेले अस्तर स्वच्छ ठेवणे त्वचेच्या आरोग्यासाठी आवश्यक आहे. डिगडोह येथील लता मंगेशकर रुग्णालय व वानाडोंगरी येथील शालिनीताई मेघे रुग्णालय ही वैद्यकीय महाविद्यालयांशी संलग्न रुग्णालये तालुक्यातच आहेत. नागपूर शहरात 'मेडिकल' व 'मेयो' या नावांनी ओळखली जाणारी दोन शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत.

निदान

निदान मुख्यतः रुग्णाचा इतिहास व प्रत्यक्ष तपासणी यांवर होते. त्वचारोगतज्ज्ञ ५० ते ६० केसांची बट बोटांत धरून हलकेच ओढतात. दहा टक्क्यांहून अधिक केस हाती आल्यास सक्रिय गळती असल्याचे मानले जाते. डर्मोस्कोप या भिंगातून जाड व बारीक केसांचे मिश्रण दिसल्यास पुरुषी टकलाचे निदान पक्के होते. गरजेनुसार हिमोग्लोबिन, फेरिटिन, थायरॉइड, ड व बी-१२ जीवनसत्त्व यांच्या चाचण्या केल्या जातात. बायोटिनच्या गोळ्या घेत असल्यास ते डॉक्टरांना सांगणे आवश्यक असते, कारण बायोटिनमुळे थायरॉइडसह काही चाचण्यांचे निष्कर्ष चुकू शकतात.

उपचार

मिनॉक्सिडिल हे मूळचे रक्तदाबावरील औषध आहे. ते घेणाऱ्या रुग्णांच्या अंगावर केस वाढल्याचे आढळल्यावर त्याचे त्वचेवर लावण्याचे द्रावण तयार झाले. अमेरिकेत पुरुषांसाठी त्यास १९८८ मध्ये मान्यता मिळाली. पहिल्या काही आठवड्यांत केस अधिक गळू शकतात. हे औषध लागू पडत असल्याचेही चिन्ह असू शकते, मात्र घाबरून अनेक जण याच टप्प्यावर ते सोडतात. परिणाम दिसण्यास ४ ते ६ महिने लागतात आणि औषध थांबवल्यावर मिळालेला लाभ काही महिन्यांत नाहीसा होतो.

फिनास्टेराइड डीएचटीची निर्मिती कमी करते. १ मिलिग्रॅमच्या गोळीस पुरुषी टकलासाठी अमेरिकेत १९९७ मध्ये मान्यता मिळाली. ते डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच घ्यावयाचे औषध आहे. काही रुग्णांमध्ये कामेच्छा कमी होणे, लैंगिक अडचणी व नैराश्य हे दुष्परिणाम आढळतात. युरोपीय औषध संस्थेने २०२५ मध्ये आत्महत्येचे विचार हा या गोळ्यांचा दुष्परिणाम असल्याचे मान्य केले. मनःस्थितीत बदल जाणवल्यास गोळी थांबवून डॉक्टरांना भेटावे, असा सल्ला दिला जातो. गर्भवती स्त्रियांनी तुटलेल्या गोळीला हात लावू नये.

केशरोपणात मागील भागातील केशपुटके काढून पुढे बसवली जातात. ती नव्या जागीही आपला मूळ गुणधर्म टिकवतात. विशीच्या प्रारंभी टकलाची अंतिम व्याप्ती स्पष्ट झालेली नसते. अशा वेळी रोपण केल्यास पुढे मूळचे केस गेल्यावर रोपलेले केस बेटासारखे उरण्याची शक्यता असते. त्यामुळे या वयात रोपण सहसा लांबवले जाते. केशरोपण ही शस्त्रक्रिया असून केवळ कार्यशाळा किंवा चित्रफिती पाहून मिळवलेले शिक्षण त्यासाठी पुरेसे नाही, असे राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२२ मध्ये स्पष्ट केले.

उपचार न घेणे हाही मान्य पर्याय आहे. पुरुषी टकलाने आरोग्यास थेट धोका नसतो. केस बारीक कापणे किंवा पूर्ण काढणे हा अनेकांचा पर्याय असतो. मात्र उघड्या टाळूचे उन्हापासून संरक्षण करावे लागते.

प्रचलित समज

लहानपणी जावळ काढल्याने किंवा नंतर वारंवार मुंडण केल्याने केस दाट होतात, असा समज महाराष्ट्रात सर्वत्र आढळतो. वस्तरा त्वचेच्या वरचा केस कापतो, केशपुटक त्वचेखाली असते. त्यामुळे केसांची संख्या किंवा जाडी बदलत नाही. कापलेले टोक बोथट असल्याने नवे केस राठ भासतात, एवढेच.

आयुर्वेदात केसगळतीचे वर्णन खालित्य व इंद्रलुप्त या संज्ञांनी केलेले आहे. माका, जास्वंद व आवळा यांची तेले परंपरेने वापरली जातात. तेलाने केसांचा कोरडेपणा व तुटणे कमी होते, परंतु तेल डीएचटीचा परिणाम थांबवते असे सिद्ध झालेले नाही. कांद्याच्या रसाविषयी वारंवार सांगितला जाणारा २००२ मधील छोटा अभ्यास चाईच्या रुग्णांवर झाला होता, पुरुषी टकलाच्या नव्हे. भारतातील औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम, १९४५ च्या अनुसूची 'जे' मध्ये टक्कल व नवे केस उगवणे यांचा समावेश आहे. या अनुसूचीतील विकार बरे करण्याचा दावा कोणत्याही औषधास करता येत नाही.

मानसिक व सामाजिक परिणाम

'टकल्या'सारखी संबोधने वर्गात व मित्रमंडळींत विनोद म्हणून वापरली जातात. ऐन विशीत, नोकरी व विवाह यांचे प्रश्न समोर असताना ती अधिक बोचतात. स्थळ पाहताना मुलाच्या केसांची चर्चा उघडपणे होते. त्यामुळे काही तरुण टोपीशिवाय बाहेर पडणे, छायाचित्र काढणे किंवा लग्नाची बोलणी टाळतात. कन्नडमधील 'ओंदु मोट्टेय कथे' (२०१७) तसेच हिंदीतील 'उजडा चमन' व 'बाला' (दोन्ही २०१९) या चित्रपटांचा विषय अशा तरुणांचे जीवन हाच आहे.

दिवसाचा मोठा भाग केसांच्या विचारात जाणे, झोप व अभ्यास बिघडणे किंवा लोकांत मिसळणे बंद होणे ही मानसोपचारतज्ज्ञांचा सल्ला घेण्याची लक्षणे आहेत. शासनाची 'टेलि-मानस' ही विनामूल्य दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर उपलब्ध आहे.