गीझर लावताच बटण का पडते?

दिवाळीच्या सुमारास अनेक घरांत एक तक्रार ऐकू येते. चार-सहा महिने बंद असलेला गीझर पहाटे लावावा, तर घरातली सगळी वीज जाते. बटण वर केले, की पुन्हा पडते. ‘लोड जास्त होतोय’ असे निदान लगेच केले जाते. ते बहुधा चुकीचे असते.

आधी पाहावे, की पडले ते बटण कोणते? एमसीबी हे बटण प्रवाह प्रमाणाबाहेर वाढला तरच पडते. २००० वॅटचा गीझर २३० व्होल्टवर सुमारे ८.७ अँपिअर प्रवाह घेतो. १६ अँपिअरच्या एमसीबीला तो सहज चालतो. आरसीसीबीचे काम निराळे. फेजमधून गेलेला प्रवाह न्यूट्रलमधून तेवढाच परत आला का, हे ती पाहते. दोन्ही तारा एकाच लोहगाभ्यातून गेलेल्या असतात. प्रवाह समान असतील, तर त्यांचे चुंबकीय परिणाम एकमेकांना रद्द करतात. घरगुती आरसीसीबी सहसा ३० मिलिअँपिअरची असते. तेवढा फरक पडला, की ती परिपथ तोडते.

हा फरक कोठून येतो? गीझरच्या कॉइलमध्ये धातूच्या नळीत नायक्रोमची तार असते आणि भोवती मॅग्नेशियम ऑक्साइडची भुकटी ठासलेली असते. ही भुकटी उष्णता जाऊ देते, वीज जाऊ देत नाही. पण ती ओलावा शोषते. नळीच्या टोकाचे सील झिजले किंवा क्षारांच्या थरामुळे अति तापून नळी तडकली, की ओल आत शिरते आणि रोध घटतो. फेजच्या टोकाजवळ तो ७,५०० ओहमवर आला, तर ओहमच्या नियमानुसार सुमारे ३० मिलिअँपिअर प्रवाह नळीवाटे अर्थिंगमध्ये जातो. ८.७ अँपिअरच्या मानाने ही गळती इतकी अल्प, की एमसीबीला तिचा पत्ताही लागत नाही.

यावर एक घातक ‘उपाय’ केला जातो : गीझरची अर्थिंगची तार काढणे. मग गळतीला वाट उरत नाही, फरक शून्य होतो आणि बटण पडत नाही. दोष मात्र तसाच राहतो. आता त्याची वाट पाहणारा मार्ग म्हणजे ओल्या हाताने नळाला स्पर्श करणारा माणूस. आरसीसीबी असेल, तर ती झटका बसल्यावर तरी तुटेल. तीही वगळली असेल, तर अडवणारे कोणीच नाही. १०-१५ मिलिअँपिअरच्या पुढे स्नायू आखडून हात सुटत नाही. ३० मिलिअँपिअर प्रवाह काही काळ छातीतून गेल्यास श्वास अडकू शकतो.

मग करावे काय? गीझरचा प्लग काढून बटण वर करावे. ते टिकले आणि प्लग लावताच पडले, तर दोष गीझरमध्येच आहे. पुढची तपासणी वायरमनकडून मेगरने करून घ्यावी. साध्या मल्टिमीटरची बॅटरी काही व्होल्टचीच असते. तिच्यावर निर्दोष वाटणारी कॉइल मेगरच्या ५०० व्होल्टवर गळती दाखवू शकते. दोष आढळल्यास कॉइल बदलावी.

वर्गात ओहमचा नियम शिकवताना हेच गणित द्यावे : गळतीचा रोध १५,००० ओहम असेल, तर ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी नक्की पडेलच, असे म्हणता येईल का?