सैन्याला ‘स्टोअर’ सांभाळायला शिकवणारी शाळा: सुरुवात आपल्या खडकीत!

बारामती-इंदापूरच्या मैदानांवर पहाटे धावणाऱ्या मुलांना विचारा, सैन्यात काय व्हायचंय? उत्तर बहुधा ‘जीडी’ असंच येईल. ‘स्टोअरकीपर’ म्हणणारा एखादाच.

पण बंदुकीतली गोळी, पायातला बूट आणि गाडीचा सुटा भाग वेळेवर पोहोचला नाही, तर लढणारा जवान काय करणार? हे काम शिकवणारी शाळा आपल्याच पुणे जिल्ह्यात सुरू झाली होती.

खडकी ते जबलपूर

खडकीत 1869 पासून दारूगोळा कारखाना आहे. ऑक्टोबर 1925 मध्ये तिथेच ‘इंडियन आर्मी ऑर्डनन्स कोअर’ची प्रशिक्षण शाळा उघडली. दुसरं महायुद्ध सुरू झालं आणि 1940 मध्ये ती जबलपूरला हलली. 1987 मध्ये तिचं नाव ‘कॉलेज ऑफ मटेरियल्स मॅनेजमेंट’ झालं.

यात शिकायचं काय?

शस्त्रं, दारूगोळा, कपडे आणि सुटे भाग यांची साठवण, मोजणी आणि वाटप. रेशन आणि इंधनाचं खातं वेगळं. ते ‘आर्मी सर्व्हिस कोअर’कडे असतं.

गोदाम सांभाळणं सोपं वाटतं, पण दारूगोळ्यालाही वय असतं. उष्णता आणि ओलावा त्याला खराब करतात. कोणता स्फोटक माल कशाशेजारी ठेवायचा नाही, याचे कडक नियम असतात. 31 मे 2016 च्या पहाटे वर्धा जिल्ह्यातल्या पुलगाव दारूगोळा भांडारात आग लागली. त्यात अधिकारी, जवान आणि अग्निशमन कर्मचारी प्राणाला मुकले. सीमेपासून शेकडो किलोमीटर दूरही ही नोकरी जोखमीचीच आहे.

तुमच्यासाठी काय?

अग्निवीर भरतीत ‘ऑफिस असिस्टंट/स्टोअरकीपर टेक्निकल’ हा वेगळा गट आहे. त्यासाठी कोणत्याही शाखेतून बारावी, एकूण 60 टक्के आणि इंग्रजी तसंच गणित/अकाउंट्स/बुककीपिंगमध्ये 50 टक्के गुण लागतात. निकष बदलू शकतात, त्यामुळे चालू जाहिरात नक्की वाचा.

ऑर्डनन्स कोअरमध्ये गेलेल्या जवानांचं मूळ प्रशिक्षण सिकंदराबादला होतं, तर पुढचे खास कोर्स जबलपूरच्या याच संस्थेत.

म्हणजे कॉमर्सवाल्यांनो, तुमचं बुककीपिंगही सैन्यात कामाला येतं. धावायची प्रॅक्टिस मात्र सोडू नका, ग्राउंड इथेही द्यावंच लागतं!