संदर्भ द्यायचा म्हणजे नेमकं काय करायचं?

परवा माझी एक जुनी विद्यार्थिनी घरी आली. एम.ए. इतिहास करते. सोलापूरच्या गिरणी कामगारांवर लिहिलेला तिचा प्रकल्प मार्गदर्शकांनी परत केला होता. "सर, वाङ्मयचौर्य म्हणतात. मी एक ओळसुद्धा कॉपी केली नाही, सगळं स्वतःच्या शब्दांत आहे!" डोळे भरून आले होते तिचे.

शब्द तिचेच होते. माहिती आणि मतं मात्र दुसऱ्यांची, आणि ती कोणाची हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. यात दोष आपलाही आहे बरं का. शाळेत आपण 'स्वतःच्या शब्दांत लिहा' असं सांगतो. 'कुठे वाचलंस तेही लिही' असं किती जण सांगतो? मी तरी सांगितलं नव्हतं.

मार्शल लॉवरचं पान काढलं. 1930 च्या मे महिन्यात सोलापूर तीन दिवस स्वतंत्र होतं, असं एका ठिकाणी. पुढच्या प्रकरणात चार दिवस! एक आकडा भाषणातला, दुसरा व्हॉट्सॲपवरचा. आता 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्यात चार हुतात्म्यांना फाशी झाली, याबद्दल वाद नाही. पण शहर 'स्वतंत्र' कधीपासून धरायचं? पोलीस निघून गेले तेव्हापासून, की स्वयंसेवक व्यवस्था पाहू लागले तेव्हापासून? मोजणारा बदलला की आकडा बदलतो. म्हणून तिथे मोजणाऱ्याचं नाव हवं, आणि पान क्रमांकही, म्हणजे वाचणाऱ्याला ते पान उघडून पाहता येतं.

मग संदर्भसूची पाहिली. चौदा पुस्तकं. "यातली हाताळलीस किती?" "पाच." बाकीची नऊ त्या पाचांच्या सूचीतून उतरवलेली. हे सर्रास चालतं, आणि मला तरी हे कॉपीपेक्षा वाईट वाटतं. मूळ पुस्तक मिळालं नाही तर सरळ तसं लिहावं: अमुक लेखक, तमुक यांच्या ग्रंथात उद्धृत, पृष्ठ इतकं. सूचीत फक्त तमुक यांचा ग्रंथ.

नोंदी वाचतानाच कराव्यात: लेखक, शीर्षक, प्रकाशक, गाव, वर्ष, आवृत्ती, पान. आवृत्ती बदलली की पानं बदलतात, नंतर शोधताना जीव जातो. जुन्या मराठी पुस्तकांवर कधी नुसता शक असतो. त्यात 78 मिळवले की इसवी सन येतो, पण शके 1852 चा शेवट 1931 च्या मार्चमध्ये होतो, त्यामुळे छापलेला शक तसाच ठेवून इसवी सन चौकटी कंसात द्यावा. नोंदीची पद्धत कोणती, एपीए की एमएलए, हे विभागाला विचारायचं. कोणतीही चालते, फक्त मध्येच बदलायची नाही.

पालक हमखास विचारतात, "दहा टक्क्यांच्या आत आलं की झालं ना?" विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या नियमांत 10 टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, हे खरं. पण सॉफ्टवेअर जुळणारे शब्द मोजतं. शब्द फिरवून घेतलेला दुसऱ्याचा विचार त्याच्या हाती लागेलच असं नाही, जाणत्या परीक्षकाच्या लागतो.

निघताना विचारलं, "तुझे आजोबा गिरणीत होते ना? ते कुठेच कसे नाहीत यात?"

"ते भोंग्याच्या, रात्रपाळीच्या गोष्टी सांगतात सर. पण पुस्तकात नाहीत त्या. संदर्भ कसा देणार?"

मुलाखत म्हणून द्यायचा. सांगणाऱ्याचं नाव, काम, गाव, मुलाखतीची तारीख, आणि नाव छापायला त्यांची परवानगी. मिळाल्यास ध्वनिमुद्रण जपून ठेवायचं.

रविवारी तिचा फोन आला. आजोबांनी आधी विचारलं म्हणे, "माझं नाव लिहिणार आहेस? मग थांब, पाळीच्या वेळा नीट आठवून सांगतो."