जीभ मोकळी झाल्यावर

तोतरेपणा कमी झाला की सगळे प्रश्न मिटतील, असं आपण धरून चालतो. खरं तर बोलण्याला ओघ येऊ लागतो, तेव्हा माणसाला स्वतःची आणि घरच्यांना त्याची नव्याने ओळख करून घ्यावी लागते.

तोतरेपणा बहुधा दोन ते पाच या वयात सुरू होतो आणि बऱ्याच मुलांचा आपोआप जातो. प्रौढांमध्ये तो शंभरात साधारण एकाला असतो. बोलण्याच्या हालचालींची वेळ जुळवणाऱ्या मेंदूच्या यंत्रणेत फरक असतो. अनुवंशाचाही वाटा असतो. भित्रेपणा किंवा मंदबुद्धी हे त्याचं कारण नव्हे. सगळ्यांबरोबर आरती म्हणताना तोच माणूस सहसा अडखळत नाही.

मात्र अडखळण्याभोवती आयुष्य बेतलं जातं. अवघड अक्षर दिसलं की शब्द बदलायचा, उत्तर येत असूनही वर्गात गप्प बसायचं, फोन बायकोने करायचे. स्वतःचं नाव तेवढं बदलता येत नाही, म्हणून ते सांगणंच अनेकांना सर्वांत जड जातं.

उपचारांनी बोलणं सुधारलं की ही घडी विस्कटते. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जोसेफ शीहन यांना स्वतःला तोतरेपणा होता. ‘हा दोष नसता तर मी काय काय केलं असतं’ या समजुतीला त्यांनी साखळदंडात बांधलेल्या महाकाय माणसाची उपमा दिली. साखळ्या सुटल्यावर आपण चारचौघांसारखेच आहोत हे कळतं आणि ते पचवणं सोपं नसतं. आपला बुजरेपणा तोतरेपणातून आला की मुळातलाच, हेही उमगायला वेळ लागतो. घरात गप्प राहणारा नवरा मत मांडू लागतो, वाद घालतो. वर्षानुवर्षं त्याच्या वतीने बोलणाऱ्या बायकोला आपली गरज संपल्यासारखं वाटू शकतं.

शिवाय ओघ रोज सारखा नसतो. पुन्हा अडखळल्यावर ‘आता तर बरा झाला होतास ना?’ हा प्रश्न फार लागतो. चार्ल्स व्हॅन रायपर तरुणपणी आपला तोतरेपणा लपवण्यासाठी मूकबधिर असल्याचं सोंग करून शेतावर राबले होते. पुढे वाचादोषतज्ज्ञ झाल्यावर त्यांनी लोकांना न झगडता, सहज अडखळायला शिकवलं. कारण लपवण्याची धडपडच माणसाला जास्त थकवते.

म्हणून घरच्यांनी त्याचं वाक्य पुरं करू नये. कुठली कामं आता तो स्वतः करणार, हे त्यालाच विचारावं. तो किती वेळा अडखळला, हे मोजत बसू नये. सोपा शब्द न शोधता मनातलाच शब्द तो बोलला असेल, तर अडखळूनही तो पुढेच गेला आहे.